अंगणातली गाडी

"थांब वं, थांब!"

सकाळी शेणाची बादली घेऊन जयवंताकाकू अंगणात उतरली आणि रुपरावकाकाजी दोन्ही हात पसरून तिच्या आडवे उभे राहिले.

"येथी सारवाचं नाही. येथी गाडी हाये."

"कोठी हाये गाडी? मले तं चुना दिसून राहिला."

"चुना नाही थो, नकाशा हाये. हे पुढचं चाक, हे मागचं. येथी इंजिन बसन."

"अन हे काय? माया तुयशीच्या वट्ट्याले लागून?"

"बंपर."

काकूनं बादली खाली ठेवली आणि पदर खोचला. "दसरा आठ दिवसांवर आला. लोकं सोनं द्याले येतीन तं काय बंपरवर पाय देऊन येतीन? दोन महिने झाले, आंगनाले शेनाचा हात लागला नाही. लोकं म्हनतीन, जयवंता मेली का काय."

"आठ दिवस थांब."

"तुमचे आठ दिवस श्रावणापासून चालू हायेत."

मी आमच्या दोन घरांमधल्या कुडाजवळ टेप घेऊन उभी होते. आठवडाभर मी काटोलच्या शाळेत विज्ञान शिकवत असे आणि शनिवारच्या बसनं बोरखेडीला घरी येत असे. माझा रविवार काकाजींनी स्वतःच्या नावावर लावून घेतला होता. त्यांना टेपचं दुसरं टोक धरायला आणि वहीत आकडे लिहायला कुणीतरी हवं होतं.

शेवटी काकूनं सगळं अंगण सारवलं आणि गाडीपुरती जागा तेवढी सोडली. हिरव्या ओल्या अंगणात मधोमध एक कोरडा करडा चौकोन, आणि त्यात चुन्याची गाडी. काकाजी ओल्या शेणावरून टाचा उचलत आत गेले, चालकाच्या जागी पाट ठेवला आणि त्यावर बसून समोर बघू लागले.

"ब्रेक मारा," काकू म्हणाली, "चूल आली."

काटोलच्या सडकेपासून बोरखेडी दोन कोस आत आहे. काकाजींची संत्र्याची वाडी त्याच्याही पुढे. सडकेपर्यंत एकच वाट, पांदण. दोन्ही बाजूंना शेतांचे बांध, म्हणजे धुरे, धुऱ्यांवर बोरी-बाभळी, आणि मधे एका बैलबंडीपुरती काळी जमीन. पावसाळ्यात तिथे गुडघाभर चिखलाचा गारा होतो. बंड्या त्यातूनच जातात, चाकं खोल रुततात, आणि पाऊस गेला की दोन चाकोऱ्या तशाच वाळून दगडासारख्या होतात. अर्ध्या वाटेवर नाला आहे. उतार असा की चढताना बैल गुडघे टेकतात.

काकाजींच्या वाडीत चारशे झाडं होती. दरवर्षी आंबिया बहाराचं फळ झाडावर असतानाच गोपाळराव व्यापारी ते विकत घेई आणि भाव तोच ठरवी, कारण हंगामात गावातल्या सगळ्या बंड्या त्यानं आधीच बांधून घेतलेल्या असत. काकाजींची स्वतःची बंडी एकच. तिच्या दिवसाला एका खेपेनं सगळा माल सडकेवर न्यायला दीड महिना लागला असता, आणि पिकलेलं संत्रं झाडावर पंधरा-वीस दिवसांपलीकडे थांबत नाही. फोपसं होतं आणि गळतं.

त्या श्रावणात गोपाळराव आला तेव्हा काकाजी बोलून बसले होते, "यंदा नाही. यंदा माल मी नेतो नागपूरले."

"कायच्यावर नेशीन गा रुपराव? डोक्यावर?"

"गाडीवर."

"कोनत्या गाडीवर?"

"बनवून राहिलो."

हे बोलणं पाराजवळ झालं होतं, त्यामुळे ते मागे घेण्यासारखं राहिलं नव्हतं. आता गाडी तयार झाली तर बहार सडकेवर पोचणार होता. नाही झाली तर चारशे झाडांचं फळ झाडाखाली पडणार होतं, आणि ते बघायला सगळं गाव येणार होतं.

गाडी म्हणजे कामठीच्या लिलावात घेतलेली फौजेची जुनी जीप. तिची चारही चाकं जमीन खेचत. काकाजी तिला "फोरव्हील" म्हणत आणि हा शब्द उच्चारताना छाती थोडी पुढे काढत. पण ती पेट्रोलवर चाले, आणि आदल्या वर्षीच पेट्रोल एकदम महाग झालं होतं. डिझेल मात्र विहिरीवरच्या पंपासाठी घरी येतच होतं. म्हणून तिचं इंजिन काढून डिझेलचं बसवायचं, मागची बाजू कापून लांबवायची आणि वर पेट्यांसाठी हौदा करायचा, असा बेत होता. नागपुरात कामठी रोडला एका शेडमध्ये जागेश्वर मिस्त्री हे काम करत होता आणि काय करायचं ते इथे अंगणात ठरत होतं. ठरत होतं म्हणजे बदलत होतं. एका रविवारी हौदा सहा फुटांचा, पुढच्या रविवारी आठ. कधी टपाची कमान, कधी उघडा. जेवता जेवता काकाजी उठत, उष्ट्या हातानं अंगणात जाऊन उकिडवे बसत आणि डाव्या हातानं चुन्याची एक रेघ पुसून दुसरी ओढत. काकू ताटावर ताट झाकून ठेवी.

मी माझ्या परीनं सगळं मोजलं. वाळल्या गवताचं तनस घालून भरलेली संत्र्याची पेटी घरच्या काट्यावर तोलली. शाळेतला कोनमापक आणि ओळंबा घेऊन नाल्याचा उतार काढला. आठ फुटांचा हौदा केला तर नाला चढताना गाडीचं शेपूट जमिनीला घासणार, हे मी चौकटीच्या कागदावर काढून दाखवलं तेव्हा काकाजींनी कागद हातात घेऊन नाल्याच्या रेघेवरून बोट फिरवलं.

"म्हनजे सात?"

"सात चालेल."

"सिंधू, तू इंजिनेर व्हाले पायजे होती. मास्तरीन काहून झाली?"

मला ते ऐकून बरं वाटलं होतं, हे खोटं कशाला सांगू.

रोज संध्याकाळी शालिकराम सुतार कुडाशी येऊन उभा राही. गावातली प्रत्येक बंडी त्याच्या हातची, त्याआधीची त्याच्या बापाच्या हातची. तंबाखू मळत तो चुन्याची गाडी पुढून मागे, मागून पुढे बघे. गालात हसे आणि निघून जाई.

"काही सांगाचं हाये काय, शालिकराम?" काकाजी विचारत.

"मी काय सांगू बाप्पा? तुमचं लोखंडाचं काम. आमचं लाकडाचं."

हौदा नागपूरला लोखंडी पत्र्याचा करायचा, असं काकाजींनी सगळ्या गावाला सांगितलं होतं. शालिकरामला सांगितलं नव्हतं, पण त्याच्यापर्यंत ते पोचलं होतं.

दसऱ्याला आमच्याकडे अवजारांची पूजा करतात. नांगर, वखर, विळे, सगळं धुऊन अंगणात मांडतात. काकाजी सकाळीच नवं धोतर नेसून चुन्याच्या गाडीला हळदकुंकू वाहायला निघाले.

"चुन्याच्या गाडीची पूजा करता," काकू म्हणाली, "मंग खऱ्या गाडीनं काय गुन्हा केला? श्रीधर, बंडी आन आतमधी."

श्रीधर काकाजींचा सालदार, वर्षाच्या बोलीवरचा गडी. त्यानं बैल न जुंपता, स्वतःच जू धरून बंडी अंगणात ओढली.

"बाजूनं घे, बाजूनं!" काकाजी ओरडले. पण बाजूला नांगर-वखर मांडलेले होते. बंडी सरळ नकाशावर येऊन उभी राहिली.

काकू आरतीचं ताट घेऊन पुढे आली आणि चाकाला कुंकू लावता लावता थांबली. एकदा बंडीच्या चाकाकडे, एकदा चुन्याच्या चाकाकडे बघितलं. मग बंडीला वळसा घालून दुसऱ्या बाजूचं चाक बघून आली.

"याची चाकं अशी आतमधी काहून वं, सिंधू?"

मी वाकून पाहिलं. चुन्याची दोन्ही चाकं बंडीच्या दोन चाकांच्या आत होती, दोन्हीकडून तीन-तीन बोटं. मी टेप लावला. चुन्याच्या चाकांमधलं अंतर साडेअठ्ठेचाळीस इंच. ते मी स्वतः जीपवर मोजून वहीत लिहिलं होतं. बंडीचं भरलं चोपन्न.

मी पेटीचं वजन मोजलं होतं, नाल्याचा कोन मोजला होता, गाडी कुठे वळेल आणि कुठे घासेल ते काढलं होतं. ज्या दोन चाकोऱ्यांमधून मी लहानपणापासून चालत आले, त्यांच्यामधलं अंतर मोजायचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. कधी कुणाच्याच आलं नव्हतं. गावातली बंडी गावातल्या पांदणीत बसतेच. ती बसते हे आम्हाला सूर्य उगवण्यासारखं वाटत होतं.

"काय झालं?" काकाजींनी विचारलं.

मी सांगितलं. वाळलेल्या चाकोरीत जीपचं एका बाजूचं चाक उतरलं, तर दुसऱ्या बाजूचं मधल्या उंचवट्यावर राहणार. गाडी तिरपी होणार. पेट्या भरलेल्या असल्या तर कलंडणार. नाही कलंडली तर पोट उंचवट्यावर टेकून बसणार आणि चाकं हवेत फिरणार. मग ती चार फिरली काय आणि दोन फिरली काय.

"फोरव्हील हाये थे!" काकाजी म्हणाले. "चाकोरीत कायले जाईन?"

"मंग कोठून जाईन?" काकूनं विचारलं. "लोकाईच्या तुरीतून?"

काकाजींनी चाकोरी मोजायला दोन काड्या उचलल्या, धोतराचा सोगा खोचला आणि तसेच पांदणीच्या दिशेनं निघाले. पूजा तशीच राहिली. तासाभरानं परत आले तेव्हा नव्या धोतराला गोखरू चिकटले होते आणि काड्या हातात नव्हत्या. बंडीच्या खाली, चुन्याच्या गाडीत त्यांचा पाट होता. ते वाकून आत गेले आणि त्या पाटावर बसले. डोकं बंडीच्या तळाला लागत होतं.

"बाहेर या," काकू म्हणाली. या वेळी ती हसली नाही.

दुपारी शालिकराम सोनं द्यायला आला. आपट्याची पानं काकाजींच्या हातावर ठेवून तो पाया पडायला वाकला, आणि वाकल्यावर त्याला बंडीखालचा नकाशा दिसला. तो तसाच थोडा वेळ वाकून राहिला.

"शालिकराम," काकाजी म्हणाले, "तुले माहीत होतं?"

"पह्यल्या दिवशीपासून."

"मंग बोलला काहून नाही गा?"

"मले विचारलं कोनं?"

"अबे, पन..."

"मी म्हनलं, नागपूरची गाडी हाये, कागदावर मोजून राहिले, मास्तरीनबाई हाये संगं. मी अडाणी मानूस." तो पारावर बसल्यासारखा ओट्याच्या कडेला टेकला. "माया आज्यापासून घरी एक काठी हाये. बंडीच्या दोन चाकांमधला आख त्याच काठीनं मोजतो. मेंढेपठारचा सुतार वेगळी काठी लावते, चार बोटं लहान. म्हनून मेंढेपठारची बंडी आपल्या पांदनीत येत नाही अन आपली तिकडे जात नाही. तुमाले काय वाटते, सोयरीक जमत नाही म्हनून येत नाही?"

एरवी काकाजींना हसू आलं असतं, आज ते आलं नाही.

"वा!" काकू आतून बोलली. "एकानं विचारलं नाही, एकानं सांगतलं नाही. अन संत्रं तिकडे पिवळं होऊन राहिलं. दोघंही बसा आता येथी, मी चहा आनतो अन तुमची आरती करतो."

दुसऱ्या दिवशी मी शाळेची रजा काढली आणि पहिल्या बसनं काकाजी आणि मी नागपूरला गेलो. सबंध वाटेत काकाजी खिडकीच्या बाजूनं बसले होते आणि समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीची चाकं बघत होते.

जागेश्वरच्या शेडमध्ये जीप विटांवर चढवलेली होती. मागून कापलेली, मधे डिझेलचं इंजिन टांगलेलं. तिच्याकडे बघून मला शाळेतल्या चिरलेल्या बेडकाची आठवण झाली. जागेश्वर कोष्ट्याच्या घरचा. वडील मागावर लुगडी विणायचे आणि ती गांधीबागेत विकायचे. याचा हात मागावर काही बसला नाही. काकाजींनी सगळी हकिकत सांगितली तेव्हा तो कपाळावर काळा हात मारून हसला.

"पन्हा चुकला, काकाजी! माया बाबा म्हने, लांबी चुकली तं कापता येते, पन्हा चुकला तं काय करसान?"

"तू हासू नको. आता काय कराचं थे सांग."

"आख बदलवा लागन."

"किती दिवस?"

"भेटला पायजे आधी. महिना समजा."

काकाजी खाली एका टायरवर बसले. महिन्यानं सगळं झाडाखाली असणार होतं. जागेश्वर थोडा वेळ जीपभोवती फिरला. मग त्यानं एक चाक काढलं, जमिनीवर आडवं टाकलं आणि त्याच्याकडे बघत बिडी पेटवली. चाकाची लोखंडी रिम सपाट नव्हती. ताटलीसारखी एका अंगाला खोल होती. त्यानं बिडी दातात धरली, चाक उचललं, उलटं केलं आणि परत बसवलं. चाक बाहेर आलं.

"बाई, टेप लावा बरं."

एका बाजूला अडीच इंच. दोन्ही बाजूंना मिळून पाच. साडेअठ्ठेचाळीस आणि पाच, साडेत्रेपन्न. अर्धा इंच कमी. पण चाकोरी चांगली वीतभर रुंद असते, तेवढं चालण्यासारखं होतं. मी आकडा मोठ्यानं म्हटला. काकाजींनी मला तो पुन्हा म्हणायला लावला.

"पन एक गोष्ट ध्यानात ठेवा," जागेश्वर म्हणाला. "चाक बाहेर गेलं का बेरिंगवर जोर येते. सरळ चालवा, काही होत नाही. भरलेली गाडी चाकोरीतून वाकडी काढून धुऱ्यावर चढवाल तं पुढचं चाक तुमच्याच हातात येईन. सरळ जाचं, सरळ याचं."

"सरळच जाईन बावा. मले कोठी वाकडं जाचं हाये?"

त्या संध्याकाळी काकाजी स्वतःहून शालिकरामच्या दारी गेले. काय बोलणं झालं ते मला त्याच्या बायकोकडून कळलं.

"हौदा लाकडाचा कराचा म्हनतो."

"काहून? लोखंड संपलं नागपूरचं?"

"करतं का नाही थे बोल."

"किती फुटाचा?"

"सात."

"कोनं सांगतलं सात?"

"सिंधूनं."

"सात बरोबर हाये," शालिकराम म्हणाला. "मी येऊन पाहून गेलतो नाला." आणि त्यानं आढ्यातून काठी काढली.

हौदा अंगणातच उभा राहिला, चुन्याच्या रेघांवर. बाभळीच्या चौकटी, वर आडव्या फळ्या, बाजूंना काढता-घालता येणारे खुंट. शालिकरामनं आधी चुन्याची चाकं पुसली आणि काठीनं मोजून नवी ओढली. काकाजी भोवती फिरत. ते गेले की शालिकराम काम करी, ते आले की तंबाखू मळी. म्हणून काकूनं काकाजींना वाडीवर पिटाळलं. पण वाडीवरही त्यांचा पाय ठरत नव्हता. पिवळं फळ बोटानं दाबून बघायचं, खाली पडलेली उचलून झाडाच्या बुंध्याशी रचायची, परत गावात यायचं, जागेश्वरची चिठ्ठी आली का विचारायचं. चिठ्ठी आली ती अशी, की इंजिनाच्या एका पाइपासाठी चार दिवस आणखी. मग आणखी तीन.

दिवाळी झाली. पहाटे वाडीतून फळ पडल्याचा आवाज ऐकू येतो असं काकाजी म्हणू लागले, आणि वाडी घरापासून अर्ध्या कोसावर होती. काकूनं कुणाला न विचारता तोडणी सुरू केली. दिवसाला एक बंडी. श्रीधर हाकी, ती मागे चालत जाई, पेट्या सडकेवर उतरवून बसची नाही तर ट्रकची वाट बघत बसे.

गोपाळराव एकदा आणखी येऊन गेला. त्यानं झाडाखाली रचलेल्या फळांकडे बघितलं आणि फार गोड आवाजात म्हणाला, "रुपराव, अजून वेळ नाही गेली. माया बंड्या उद्या येतीन. भाव मात्र पह्यलेचा नाही जमनार."

काकाजींनी त्या ढिगाकडे पाहिलं. त्यांचा हात धोतराच्या काठाशी खेळत होता. मला वाटलं, आता हे हो म्हणणार.

"नाही," काकू म्हणाली.

गोपाळरावानं तिच्याकडे न बघता काकाजींना विचारलं, "काय म्हनतं गा?"

"त्याईले काय विचारता? मी बोलली नं. आमची गाडी येऊन राहिली."

ती गाडीला "आमची" म्हणाल्याचं काकाजींनी मला त्या रविवारी तीनदा सांगितलं.

गाडी सोमवारी आली. मी रजा काढली होती. जागेश्वरनं ती काटोलच्या सडकेवरून खाली पांदणीत उतरवली, तेव्हा अर्धं गाव धुऱ्यावर उभं होतं. तिला टप नव्हता, दारं नव्हती, पुढे जुना फौजी हिरवा रंग आणि मागे नुसते लोखंडाचे दोन लांब हात. डिझेलचं इंजिन असं धडधडत होतं की बाभळीवरचे बगळे उठले. पुढची दोन्ही चाकं चाकोरीच्या तोंडाशी आली, जरा थांबली, आणि एकदम खाली बसली. दोन्ही एकाच वेळी. मग मागची. गाडी सरळ होती. मधला उंचवटा तिच्या पोटाखालून चार बोटं सोडून जात होता.

शालिकराम माझ्या शेजारी उभा होता. "बसली," एवढंच म्हणाला आणि तंबाखूची चंची काढली.

नाल्याचा चढ आला तेव्हा जागेश्वरनं दुसरा लिव्हर ओढला. मागची चाकं घसरली, पुढच्यांनी ओढलं, आणि गाडी शेण लावलेल्या भिंतीवर पाल चढावी तशी वर आली. संध्याकाळी अंगणात दहा माणसांनी हौदा उचलून तिच्यावर ठेवला. हौद्याखालचे खुंट लोखंडी हातांच्या भोकांत बरोबर गेले. चुन्याच्या गाडीच्या जागी खरी गाडी उभी होती, आणि तुळशीच्या ओट्यापासून बंपरचं अंतर दोन बोटं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीवर भरणी झाली. श्रीधर आणि तोडणीची माणसं पेट्या चढवत होती, काकाजी प्रत्येक पेटी कुठे ठेवायची ते सांगत होते आणि सांगितलेलं बदलत होते. बंडीही भरून तयार होती. श्रीधर मोकळा नव्हता.

"मी हाकतो बंडी," काकू म्हणाली. "तुमचं होऊ द्या सावकाश." आणि ती बैलांना आवाज देऊन निघाली.

आम्ही निघालो तेव्हा ऊन वर आलं होतं. जागेश्वर चालकाच्या जागी, मधे काकाजी, कडेला मी. चाकं चाकोरीत बसली आणि गाडी आगगाडीसारखी सुतात चालली. काकाजी पुढे झुकून बसले होते. गावाजवळून जाताना त्यांनी उगाच हॉर्न वाजवला. माणसं बाहेर आली. जागेश्वरनं वेग वाढवला, पेट्या एकदाही करकरल्या नाहीत, धुऱ्यावरच्या बोरी भराभर मागे जाऊ लागल्या, आणि काकाजी मोठ्यानं म्हणाले, "दहा मिन्टात सडक!"

वळण घेतलं आणि समोर बंडी होती.

काकू वर पेट्यांवर बसली होती. बैल आपल्या चालीनं चालले होते.

काकाजींनी हॉर्न वाजवला. एका बैलानं शेपटी हलवली.

"बाजूले घे वं!"

"कोठी घेऊ?" काकूनं मागे न बघता विचारलं. "चाकोरीतून निंगत नाही बंडी. तुमची काढा, तुमची फोरव्हील हाये."

काकाजींनी जागेश्वरकडे पाहिलं. जागेश्वरनं मान हलवली. "भरलेली हाये काकाजी. सरळ जाचं, सरळ याचं."

मग सडकेपर्यंतचा सव्वा कोस आम्ही बैलांच्या मागे गेलो. इंजिन पहिल्या गियरमध्ये घोरत होतं. बंडीची धूळ आमच्या तोंडावर येत होती. नाल्यात बैल पाणी प्यायला थांबले, तेव्हा आम्हीही थांबलो. काकाजी आधी रागावले, मग खाली उतरून गाडीच्या शेजारी चालू लागले, कारण चालणं गाडीपेक्षा जलद होत होतं. मग पुढे जाऊन बंडीच्या बरोबर चालले, मग परत आले. काकूनं शिदोरीतली एक भाकर मागे हात करून त्यांना दिली. ती त्यांनी उभ्यानंच खाल्ली.

सडकेवर गोपाळराव आपल्या बंड्यांची वाट बघत उभा होता. त्याला आधी बैल दिसले, मग काकू, आणि मग तिच्या मागून धुळीतून वर येणारी हिरवी गाडी. तो पोट धरून हसला.

"काय गा रुपराव! बैलं लावून ओढून आनली काय?"

काकूनं बंडी सडकेच्या कडेला घेतली. गाडी डांबरावर चढली. हौद्यात चौऱ्याऐंशी पेट्या होत्या. मी त्या चढताना मोजल्या होत्या आणि आता पुन्हा मोजल्या. एकही हलली नव्हती. गोपाळरावाचं हसणं हळूहळू कमी झालं. तो हौद्याभोवती एक फेरी मारून आला आणि खाली वाकून चाकांकडे बघू लागला.

"आनखी किती खेपा?" त्यानं विचारलं.

"रोज दोन," जागेश्वरनं सांगितलं. "चार दिवसांत वाडी खाली."

काकाजी कुठे आहेत म्हणून मी वळून पाहिलं. ते सडकेच्या कडेला उकिडवे बसले होते. हातात बाभळीची काडी होती आणि ते धुळीत दोन लांब रेघा ओढत होते.

"सिंधू, वही आनली काय? हे पाय. नाल्याच्या अलीकडे येथी थोडी जागा हाये. येथी दुसऱ्या दोन चाकोऱ्या काढल्या नं, आडव्या, तं बंडी येथी उभी राहीन अन गाडी अशी पुढे..."

बंडीवरून काकू उतरली. तिनं पदरानं तोंडावरची धूळ पुसली, काकाजींच्या मागे येऊन उभी राहिली आणि रेघांकडे वाकून पाहू लागली.

"शालिकरामले विचारलं?" ती म्हणाली.

काकाजींनी काडी खाली ठेवली.

"चला," काकू म्हणाली, "आधी संत्री पोचवा." आणि बंडीतल्या पेट्या हौद्यात चढवायला तिनं स्वतःच पहिल्या पेटीला हात घातला.